पाऊण इंच जास्त

मी, खाली सही करणारा, धंद्याने सुतार, वय वर्षे एक्क्याऐंशी, डोके शाबूत असताना आणि कोणाच्याही दबावाशिवाय हे लिहून ठेवतो. दबाव म्हणाल तर पायाला टांगलेल्या तीन किलो वजनाचा. खुबा मोडला आहे. उद्या सकाळी ऑपरेशन.

छपरांवर, शिड्यांवर पन्नास वर्षे काढली, कधी पडलो नाही. पडलो तो स्वतःच्या दारात, उंबरठ्याला अडखळून. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आजोबा, पडणं साधं आहे, पण तुमच्या बाबतीत धोका साधा नाही." मग बोटांवर मोजून दाखवले: ऐंशीच्या पुढचे वय, पुरुष, अशक्त हृदय, थकलेले मूत्रपिंड, रक्त पातळ करायची गोळी, घटलेले वजन. सहापैकी सहा! शाळेत असे गुण कधी मिळाले नाहीत.

कलम एक. घर व बँकेतली ठेव माझ्या पत्नीची. मुलाने त्यात नाक खुपसू नये.

कलम दोन. हत्यारे मुलीला, तिचा हात मुलापेक्षा सरळ चालतो. धाकट्या भावाला पटाशी देऊ नये. त्याने माझ्या पटाशीने रंगाचा डबा उघडला होता. मेल्यावरही विसरणार नाही.

कलम तीन. मुलाने आणलेली काठी खुंटीवर कोरी करकरीत आहे. बाळा, तुझे बरोबर होते. हे एकदाच लिहीत आहे.

कलम चार. उंबरठा पाऊण इंच जास्त उंच आहे. एकतीस वर्षे ही म्हणत आली, "अहो, तासा ना जरा तो." मी म्हणायचो, "पावसाचं पाणी अडावं म्हणून मुद्दाम ठेवलाय. पाय उचलून चाल." साफ खोटे. माप घेताना मी फरशीची जाडी दोनदा धरली होती. सुताराने हे कबूल करायचे कोणत्या तोंडाने?

हिचे वय अठ्ठ्याहत्तर, वजन चाळीस किलो, गोळी तीच. डॉक्टरीणबाई मोजत होत्या तेव्हा मी ती यादी हिला लावून पाहिली आणि घाबरलो. स्वतःसाठी नव्हतो घाबरलो. आज चार वाजता ही माझे कपडे आणायला एकटी घरी जाणार आहे.

मुलगी बाहेर बाकावर बसली आहे. तिने आत्ताच उठून घरी जावे, हत्यारे काढावीत आणि आई पोचण्याआधी उंबरठा तासून टाकावा. बाकीची कलमे मी मेल्यावर. या कलमासाठी माझ्या मरणाची वाट पाहू नये.

सही: सुतार

साक्षीदार:
१. शेजारच्या खाटेवरचे शिंपी (उजवा हात प्लास्टरमध्ये, म्हणून डाव्या हाताची सही)
२. वॉर्डातल्या सिस्टर ("आजोबा, आटपा लवकर" म्हणत)

ठिकाण: हाडांचा वॉर्ड, खाट अकरा
दिनांक: ऑपरेशनचा आदला दिवस, दुपारचे दोन. घाई आहे.