दुमडलेले कोपरे

गुरुवार, ८ सप्टेंबर १९९४

पान दुमडलंय कुणीतरी! इतकं जुनं पुस्तक, त्याची एकच प्रत चौघींत फिरतेय, आणि कुणीतरी खुशाल कोपरा दुमडतंय! तोही सहज नाही. दुमडलेलं टोक बरोब्बर एका ओळीवर टेकवलंय, बोट ठेवावं तसं.

मिसेस प्रेंडरगास्टच्या बैठकीत पहिल्याच दिवशी ठरलं होतं — आपल्या आयर्लंडच्या बायकांनी लिहिलेल्या जुन्या कादंबऱ्या वाचायच्या, पण पुस्तकं जपायची, खाणाखुणा करायच्या नाहीत. ही तर नोनीच्या मावशीची. पुस्तकावर सरकारची बंदी होती तेव्हा मावशीनं पिठाच्या डब्यात लपवली होती म्हणे. खाकी कव्हर अजून तेच, वर नाव नाही. मंगळवारी माझ्याकडे आली. कन्सेप्टाकडून.

ओळ ही — ‘तो पेटी काखेत धरून निघाला तेव्हा ती भिंतीकडे तोंड करून पडली होती.’

अठ्ठावन्न साली मी अशीच पडले होते. आमचं पहिलं. पहिलं आणि शेवटचं. रडलंच नाही. सुईणबाईनं कापडात गुंडाळून बाहेर नेलं. मुलगा की मुलगी, तेही सांगितलं नाही. बाप्तिस्मा झालेला नाही म्हणजे चर्चच्या आवारात जागा नाही. बापानं एकट्यानं पेटी न्यायची, किलीनमध्ये — तसल्या बाळांच्या पडीक जागेत — पुरून यायचं, आणि कुठं ते आईला सांगायचं नाही. सगळ्यांकडे हेच. कोलमन परत आला तेव्हा बुटांना चिखल होता. मी विचारलं नाही, त्यानं सांगितलं नाही. सकाळी उठून गाईंकडे गेला!

तेव्हा आम्ही डोंगरापलीकडे त्याच्या आईच्या घरी होतो. या गावात कुणालाही ठाऊक नाही. फक्त सुईणबाई इथली. ती गेली बिचारी. आणि तिची लेक कोण? कन्सेप्टा!

शुक्रवार, ९ सप्टेंबर

कोपरा सरळ केला. वर पातळ फडकं टाकून इस्त्री फिरवली. बस म्हणावं आता बोंबलत.

मंगळवार, १३ सप्टेंबर

पुस्तक नोनीला देऊन आले. जाता जाता, सहज विचारल्यासारखं विचारलं, ‘नोनी, तू पानं दुमडतेस का गं?’

‘मी? माझ्या मावशीचं पुस्तक! हात तोडून देईन. का, कुणी दुमडलं?’

‘नाही गं, आपलं विचारलं.’

‘कन्सेप्टाला विचार. पोस्टात होती तेव्हा लोकांची पोस्टकार्डं वाचायची म्हणे.’

म्हणजे सवय आहेच! नोनीनं तीनदा चहाचा आग्रह केला, तिसऱ्यांदा हो म्हटलं, आणि तासभर तिच्या जावयाची गाऱ्हाणी ऐकली.

मंगळवार, २० सप्टेंबर

बैठक. मिसेस प्रेंडरगास्टच्या दिवाणखान्यात, नेहमीसारखी. बँक मॅनेजरची विधवा, त्यामुळे खुर्च्या मऊ आणि बिस्किटं मोजून.

पहिल्या भागावर बोलायचं होतं. नोनी म्हणाली, त्या काळात असं लिहायचं म्हणजे छातीच पाहिजे, उगाच नाही त्या लेखिकेनं सगळा जन्म लंडनला काढला. मिसेस प्रेंडरगास्ट पेटीच्या पानाबद्दल चकार शब्द बोलल्या नाहीत. नुसत्या खिडकीबाहेर बघत होत्या. आणि मग कन्सेप्टा! कप खाली ठेवून म्हणते कशी,

‘मला त्या बाईचाच राग येतो. नवरा पेटी घेऊन चाललाय आणि ही भिंतीकडे बघतेय. विचारायला काय जीभ झडली होती तिची?’

आणि माझ्याकडे बघितलं. बघितलंच! दुसरीकडे बघता आलं नसतं?

‘तुला काय वाटतं, अट्रॅक्टा? तू आज गप्प गप्पशी.’

‘घसा बसलाय,’ म्हटलं.

घसा! अंगाची नुसती आग होत होती. हिला सगळं ठाऊक आहे. आईनं मरताना सांगितलं असणार. आणि सरळ तोंडावर बोलायची हिंमत नाही म्हणून कादंबरीच्या आडून टोचतेय.

बुधवार, २१ सप्टेंबर

बैठकीत झालं ते कोलमनला सांगावं असं वाटलं होतं. सांगणार काय? ज्याबद्दल कधी बोललोच नाही, ते कुठून सुरू करायचं? रेडिओवर आसपासच्या गावांतल्या मेलेल्यांची नावं वाचून दाखवतात, ती तो ऐकत होता. रोज ऐकतो. त्याचं वाचन म्हणजे गुरांच्या बाजाराचे भाव, आणि त्याची करमणूक म्हणजे ही नावं. ‘टर्लीचा भाऊ गेला,’ म्हणाला आणि टोपी घालून बाहेर पडला.

शनिवार, ८ ऑक्टोबर

पुस्तक परत आलं, दुसऱ्या भागासाठी. कन्सेप्टाच घेऊन आली. या खेपेला मी कच्ची नाही. ती दारात उभी असतानाच सगळी पानं फर्रकन चाळली. एकही कोपरा दुमडलेला नाही.

‘काय शोधतेस?’ म्हणाली.

‘काही नाही. पीठबीठ सांडलं असेल म्हणून.’

‘माझ्या घरात पुस्तकावर पीठ सांडत नाही,’ म्हणाली. नाकाचा शेंडा लाल झाला तिचा. सावध झाली म्हणजे!

बुधवार, १२ ऑक्टोबर

दुमडलंय!! नवीन पान, दुसरा भाग. टोक ओळीवर — ‘तिनं एकदा विचारलं असतं, तर त्यानं सांगितलं असतं.’

पण शनिवारी तर सगळी पानं सरळ होती. मग? डोकं नुसतं भणभणायला लागलं. मग आठवलं — सोमवारी कन्सेप्टा अंडी द्यायला आली होती. मी चुलीसाठी पीटची — जळणाच्या वाळक्या मातीची — ढेकळं आणायला शेडमध्ये गेले. ती स्वयंपाकघरात एकटी, आणि पुस्तक तिथंच ब्रेडच्या डब्यावर! एवढा वेळ पुरे की. अंडी द्यायला आली म्हणे! आमच्याकडे कोंबड्या नाहीत का?

म्हणजे माझ्या घरात येऊन, माझ्या टेबलाशी बसून, मलाच सांगतेय की दोष तुझा, तू विचारलं नाहीस. कुणाला विचारायचं होतं मी? बाळंतपणाच्या खोलीतून उठू दिलं नव्हतं मला. सासूनं पडदे ओढून घेतले होते. ‘विसर आता, पुढचं होईल,’ म्हणाली. पुढचं झालं नाही. आणि ज्याला ठाऊक होतं तो दुसऱ्या दिवशी दूध काढत बसला होता. मला वाटायचं, सांगायचं असेल तर तो सांगेल. मग वाटायला लागलं, विसरला असेल. पुरुषांचं बरं असतं.

पुन्हा इस्त्री. या वेळी जोरात.

रविवार, १६ ऑक्टोबर

मिस्साला चर्चमध्ये कन्सेप्टा माझ्या पुढच्याच बाकावर. तिची मान बघत बसले. फादर काय बोलले ते एक अक्षर कानात शिरलं नाही.

मंगळवार, १८ ऑक्टोबर

झालं ते लिहूनच टाकते.

बैठक सुरू होऊन पाच मिनिटंही झाली नव्हती. नोनी केक कापत होती. कन्सेप्टा म्हणाली, ‘दुसऱ्या भागात तर त्या बाईनं हद्दच केलीय—’ आणि माझा ताबा सुटला. पुस्तक उघडून ती ओळ मोठ्यानं वाचली. मग म्हटलं, ‘हीच ना? टोक बरोब्बर इथंच टेकवलं होतंस. कन्सेप्टा, तुझी आई देवमाणूस होती. माझ्या खोलीतली गोष्ट तिनं जन्मभर उंबऱ्याबाहेर नेली नव्हती. तू मात्र माझं मेलेलं बाळ घेऊन मला टोचत बसलीस! होय, मी विचारलं नाही! कुठं पुरलं विचारलं नाही, मुलगा की मुलगी विचारलं नाही! झालं समाधान?’

नोनीच्या हातातली सुरी केकमध्येच राहिली.

कन्सेप्टा पांढरीफटक. सावकाश उठली. कोट घातला, सगळी बटणं लावली. मग म्हणाली,

‘अट्रॅक्टा, मला यातलं काहीही ठाऊक नव्हतं. आईनं कुणाच्याच घरातलं मला कधी सांगितलं नाही. तुझं बाळ गेलं होतं हे मला आज कळतंय. तुझ्याच तोंडून.’

आणि गेली. दारही हळूच लावलं.

म्हणजे जे कुणालाही ठाऊक नव्हतं, ते मीच आपल्या तोंडानं मऊ खुर्चीत बसून जाहीर केलं. मूर्ख! मूर्ख म्हातारी!

निघताना मिसेस प्रेंडरगास्ट दारापर्यंत आल्या. कधी येत नाहीत. माझा हात धरला, तोही कधी धरत नाहीत. हळूच म्हणाल्या, ‘माझंही एक आहे. सत्तेचाळीस सालचं. कुठं आहे ते ह्यांनी सांगितलं नाही, आणि आता ह्यांनाच जाऊन सहा वर्षं झाली.’

तशीच सायकल हातात धरून चालत घरी आले. बसायचं सुचलंच नाही.

बुधवार, १९ ऑक्टोबर

दुकानात गेले नाही. जाणारही नाही. नोनीच्या पोटात गोष्ट राहायची नाही, आतापर्यंत पेट्रोलपंपावरसुद्धा पोचली असेल.

कोलमनला कळलंय. जेवताना ताटावरून मान वर केली नाही. दोनदा काहीतरी बोलायला गेला आणि मीठ मागितलं. मीठ त्याच्या समोरच होतं.

शनिवार, २२ ऑक्टोबर

पण मग दुमडलं कुणी? कन्सेप्टा नाही तर कोण? खोटं बोलली असेल? नाही. तो चेहरा खोटा नव्हता. नोनी? तिला गुपित ठेवता येत नाही. मिसेस प्रेंडरगास्ट? त्या या घरात पाऊलही टाकत नाहीत. मग भूत आलं होतं?

आणि पुस्तक अजून माझ्याकडेच. आता ते न्यायचं कुणी नावच काढत नाही.

शनिवार, २९ ऑक्टोबर

बहिणीकडे जायचं होतं. बस चुकली, परत फिरले. अंगणात कोलमनची गाडी उभी, आत तो. म्हटलं गेला की काय! जवळ जाऊन बघते तर नाकावर माझा जुना चष्मा, मांडीवर ते खाकी पुस्तक, आणि एक जाड अंगठा पानाच्या कोपऱ्यावर.

मी काच ठोठावली. चोर पकडल्यासारखा दचकला.

‘तू?’ म्हटलं. ‘तू?!’

त्यानं पलीकडचं दार उघडलं. आत बसले. गाडीत गुरांचा आणि ओल्या कोटाचा वास.

‘नोनी या पुस्तकातल्या पेटीबद्दल सांगत होती,’ म्हणाला. ‘पुस्तक आलं त्या दिवशी, स्वयंपाकघरात. म्हणून घेऊन बघितलं. वेळ लागतो मला. धार काढून झाली की थोडं थोडं वाचतो.’

‘आणि कोपरे?’

‘अगं, मी बोलायला गेलो की सगळं घशातच अडकतं, तुला माहीत आहे. त्या बाईनं सगळं लिहूनच ठेवलेलं. म्हटलं हेच दाखवावं. तू वाचशील आणि विचारशील.’ मग चष्मा काढून म्हणाला, ‘पण तू त्यावर इस्त्री फिरवलीस. दोन्ही वेळा. मला वाटलं, हेच तुझं उत्तर.’

कन्सेप्टाची मान बघत बसले चर्चमध्ये. तिच्या अंड्यांवर संशय घेतला. आणि हा माणूस, शेजारच्या उशीवरचा, तो माझ्या मनातच आला नाही. मला वाटलं होतं तो विसरला. तो म्हणतो त्याला वाटलं होतं मीच विसरले, आणि आठवण करून द्यायला नको म्हणून गप्प राहिला. मी रडले. तोही रडला — मोठ्यानं, नाक ओढत, अगदी बघवेना.

आज कोणतं पान धरलं होतं म्हणून विचारलं. शेवटचा भाग. ‘आता विचारायची वेळ निघून गेली असं दोघांनाही वाटलं, आणि दोघांचंही चुकलं.’

मग विचारलं. अखेर विचारलं. ‘कुठं ठेवलंस?’

‘चल, आत्ता दाखवतो,’ म्हणाला आणि किल्ली फिरवली.

‘आत्ता नको,’ म्हटलं. ‘दोन दिवस दे मला.’

सोमवार, ३१ ऑक्टोबर

बेदाण्याचा पाव भाजून कन्सेप्टाकडे गेले. दारातच उभं केलं तिनं मला. म्हटलं, ‘माझं चुकलं. पानं कोलमननं दुमडली होती.’

‘कोलमननं? कादंबरी वाचून?’

‘हो.’

‘आत ये,’ म्हणाली. मी नको म्हटलं. पुन्हा ये म्हणाली, पुन्हा नको. तिसऱ्यांदा काही म्हणणार नाही असं वाटलं, पण म्हणाली. चहा दिला. पाव मात्र कापला नाही. अजून राग आहे आणि तो असायलाच हवा. उठताना एवढंच म्हणाली, ‘तिकडं गेलीस तर आईकरता एक मेणबत्ती लाव. अशा घरातून आली की ती दोन-दोन दिवस जेवायची नाही. का ते मला तेव्हा कळायचं नाही.’

बुधवार, २ नोव्हेंबर

जाऊन आलो. डोंगरापलीकडे, काटेरी झुडपाखाली, एक पांढरा दगड. दरवर्षी तो गवत काढायला जायचा.

मुलगी होती.

नेताना त्यानं ओढ्याचं पाणी ओंजळीत घेऊन, बाप्तिस्मा देतात तसं, तिच्या कपाळाला लावलं होतं. स्वतःच नाव ठेवलं होतं. फादरना आजतागायत सांगितलेलं नाही.

अट्रॅक्टा. माझंच नाव. दुसरं सुचलंच नाही म्हणाला.