बाबांच्या फोनातली बाई

११ नोव्हें.
सगळं बदललं ते डॉक्टरांच्या केबिनमध्ये. त्यांनी बाबांपुढे बोटं धरली, किती म्हणून विचारलं. बाबा म्हणाले, "आदी लाईट तर लावा." लाईट चालू होती. साखरेने डोळे नेले. त्याला वर्ष होत आलं. आई नाही, घरात आम्ही दोघंच. एकटं सोडवत नाही, म्हणून कॉलेजचं सेकंड इयर अर्ध्यात सोडलं. सोडलं ते पण सरांशी भांडून. उगाच. त्यांचा काय दोष होता.
वर्गातल्या मयुरीचा मेसेज, रविवारी भेटतोस का? (ह्यापुढे नुसतं म. लिहीन. पूर्ण नाव लिहिलं की पुढचं सुचत नाही.) परत तेच लिहिलं, नाही जमणार. तिने नुसतं 'ओके' पाठवलं. ते ओके वाईट होतं.

१४ नोव्हें.
म. स्वतःच तळवलीला आमच्या घरी आली. बाबांच्या फोनवर एआयचं ॲप टाकून दिलं. कॅमेरा धरायचा, समोर काय आहे ते फोन बोलून सांगतो. मराठीत, बाईच्या आवाजात.
ती गेल्यावर बाबांनी फोन उशीखाली कोंबला. "परकी बाई घरात बोलते. भितीवर तुझ्या आयचा फोटू हाय."
थोड्या वेळाने: "आनि ती पोरगी कोन?"
मैत्रीण म्हटलं.
"मना दिसत नाय. ऐकू येतं."

१५ नोव्हें.
शेजारचे दामूकाका ओट्यावर, चारचौघांत: "काय रं, बापाला नवीन बायको आनलीस म्हंतात. मोबाईलमदली." मी बोललो, तुमच्या बायकोपेक्षा कमी बोलते. काकी आतून ऐकत होत्या. मोठं भांडण.
बाबा नंतर एवढंच म्हणाले, "आंधला झालो तवा कोन हसला नवता."
म.ला ब्लॉक केलं. तासाभराने ब्लॉक काढला. तिचा काय संबंध.

१९ नोव्हें.
पुरुषाचा आवाज लावून बघितला. बाबा: "ह्यो बँकेतला वाटतो. बंद कर."

२३ नोव्हें.
गच्चीत दोरीवर बोंबील वाळत घातलेले. कावळे हाकलायला आम्ही दोघं. मी मुद्दाम बाईचा आवाज लावून फोन बाबांच्या हातात दिला. फोन म्हणाला, "दोरीवर मोजे वाळत घातले आहेत."
बाबांनी हाताने दोरी चाचपली. मग जे हसायला लागले. वर्षभरात असे हसले नव्हते.
"बाई, बोंबील हायेत ते. तोंडात तोंड अडकवून जोडीनं टांगतात. वास नाय आला तुला?"
"माफ करा, मला वास घेता येत नाही."
"मंग जमंल आपलं. मना डोले नाय, तुला नाक नाय."
मी टाकीमागे जाऊन उभा राहिलो. डोळे पुसले, खोटं कशाला लिहू.

२५ नोव्हें.
सकाळपासून बाबा सुकी मासळी पुढ्यात मांडून फोनातल्या बाईची शाळा घेतायत. हे सुकट, हा जवळा. चुकली की खूश. गोळ्यांच्या स्ट्रिपा मात्र तिने बरोबर वाचल्या. तरी साखरेच्या स्ट्रिपला मी रबर गुंडाळून ठेवलंय, हाताला कळावं म्हणून. बोंबलाला मोजे म्हणणारीवर किती भरवसा ठेवायचा. बाबांना पटलं.

२८ नोव्हें.
दामूकाका हळूच आले, हातात औषधाची बाटली. "वैनीला इचार ना, हे प्यायचं का चोलायचं." मी काहीतरी बोलणार होतो, जीभ चावली.
बाबा ऐटीत: "वैनी चार्जिंगला लावलीय. घडीभर बस."

३० नोव्हें.
वाशी. स्टेशनातल्या बाकावर बसून लिहितोय. म. अजून आली नाही. ह्या वेळी मीच बोलावलं, येते म्हणालीय. तिला कॉलेजात परत ॲडमिशन मिळेल का ते विचारू, का आधी आमच्या दोघांचं, काही ठरत नाही. पण बरं वाटतंय. घरी फोन करावासा वाटला, केला नाही.
निघताना बाबांना तीनदा विचारलं, राहाल ना? वैतागले. "जा की. दार वढून घे. आमाला बोलायचंय."
चप्पल घालून उंबऱ्यात थांबलो, आवाज न करता. बाबांनी फोन दाराकडे धरला.
"बाई, गेला का बघ पोरगा."
"दारात एक तरुण उभा आहे. तो हसतो आहे."
"हाकल त्याला."
बाहेर पडलो. दार ओढून घेतलं.