चतकोर रेडा

दोंग मो, थाय बिन्ह प्रांत
३ मार्च १९८१

चि. थुअन यास,
ताईचे अ. उ. आ.

इकडे सगळे ठीक. बाबांचा खोकला थंडीबरोबर गेला, लावणी आटोपली. तुझं डुक्कर कसं आहे? तिसऱ्या मजल्यावरच्या न्हाणीघरात डुक्कर ठेवलंय तर तू आंघोळ कुठे करतोस, असं बाबा रोज एकदा विचारतात. सोबत शेंगदाणे पाठवलेत. तुझ्या बायकोला, लुआला सांग, त्यातले मूठभर तरी माणसांनी खावेत.

आता कामाचं. तुझ्या भाचीने, न्याईने डॉक्टरकीच्या प्रवेशपरीक्षेचा अर्ज भरलाय. अर्जाला घराण्याच्या माहितीचं पत्रक जोडावं लागतं, त्यावर ग्रामसमितीचा शिक्का हवा. तिच्या वडिलांकडचं पान एका दिवसात पास झालं, कारण त्यांच्या घरात कधी काही नव्हतंच. गाडी अडली ती आपल्या पानावर. नववा रकाना: जमीनवाटपात कुटुंबाला काय मिळालं? पोरीने खरं ते लिहिलं. चतकोर रेडा. तुला आठवत असेलच. पंचावन्न साली जमीनदाराचा रेडा चार घरांत वाटला, आपल्या वाट्याला मागचा डावा पाय आला. चार दिवसांतून एक दिवस औत आपलं. तू त्या दिवशी रेड्याच्या त्याच पायाला तेल लावत बसायचास.

समितीचे कारकून त्वात यांच्याकडे तुझ्याही पत्रकाची नक्कल असते. मामा शिक्षक आणि पक्षाचा सभासद, म्हणून त्यांनी दोन्ही ताडून पाहिली. तुझ्या नवव्या रकान्यात लिहिलंय, ‘काही नाही’. त्वात म्हणाले, एकतर बापाने पोरापासून पाय लपवला, नाहीतर पोराने सरकारपासून. उलगडा होईपर्यंत शिक्का मिळायचा नाही. शेवटची तारीख तीस एप्रिल आहे. शिक्का नाही तर परीक्षा नाही, आणि पोरगी तर गेलं वर्षभर पुस्तकातून मान वर काढत नाहीये.

तर बाबा रे, आपला पाय कुठे गेला ते उलट टपाली कळव. लोभ आहेच, तो रेशनच्या कुपनावर मोजून देऊ नकोस.

तुझी ताई,
ख्वेन


हायफाँग
१४ मार्च १९८१

ति. ताईस,
थुअनचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र आलं आणि ऐतिहासिक भौतिकवादावरचा माझा तास पाच मिनिटं उशिरा सुरू झाला. सोळा वर्षांत हे पहिल्यांदाच घडलं.

ताई, तेव्हा मी अठरा वर्षांचा होतो. अध्यापक विद्यालयाचा अर्ज भरताना शेजारच्या पोराने कानात सांगितलं की ज्याच्याकडे काहीच नाही तो सगळ्यात वर. मी पाय काढून टाकला. पुढे पक्षाच्या अर्जात तोच मजकूर उतरवला. एकदा न लिहिलेला पाय दुसऱ्यांदा कसा लिहिणार?

एवढ्यावर थांबलं असतं तर बरं होतं. आदर्श पाठाच्या स्पर्धेत मी ‘ज्याच्याकडे रेडा नव्हता तो माणूस’ हा पाठ घेतला. तो माणूस म्हणजे आपले बाबा. पाठाला जिल्ह्याचं पहिलं बक्षीस मिळालं. मुलांनी बाबांचं मोठं चित्र काढलंय, हातात नुसती मोकळी दोरी, आणि ते मुख्याध्यापकांच्या खोलीत लावलंय. पाहुणे आले की त्यांना आधी चहा मिळतो आणि मग बाबा दाखवले जातात. मे महिन्यात उपमुख्याध्यापकाची जागा भरायची आहे आणि माझं नाव वर आहे.

तेव्हा माझं ऐक. न्याईला नवव्या रकान्यात काही नाही असं लिहायला सांग. दोन्ही कागद जुळतील आणि विषय संपेल. मेलेल्या रेड्याच्या एका पायासाठी दोन जिवंत माणसांचं नुकसान का करायचं?

लुआ नमस्कार सांगते. डुक्कर चाळीस किलोचं झालं. पहाटे नळाला पाणी येतं तेव्हा ते आणि मी एकत्रच आंघोळ करतो, असं बाबांना सांग. सोबत साबणाची वडी आहे. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा धाकटा,
थुअन


दोंग मो
२५ मार्च १९८१

चि. थुअन यास,
अ. आ.

मी एक चूक केली. तुझं पत्र नेहमीसारखं अंगणात मोठ्याने वाचलं. बाबा वेताची टोपली विणत होते. मी दोरीच्या चित्रापर्यंत आले आणि त्यांच्या हातातली काडी मोडली.

बाबा म्हणाले, क्रांतीने मला रेड्याचा पाय दिला आणि क्रांती शिकवणाऱ्या माझ्या पोराने तो खाल्ला. मग उठले आणि पूर्वजांच्या देव्हाऱ्यावरचा पत्र्याचा डबा उतरवला. त्यातला लाल शिक्क्याचा कागद माझ्यासमोर धरला: मागचा डावा पाय, एक. दोन दिवस जेवले नाहीत. मी मासळीचा रस्सा केला, तोही मांजराने खाल्ला.

आता माझं ऐक, गुरुजी. तू मुलांना वर्गसंघर्ष शिकवतोस, आणि एवढं साधं तुला कळलं नाही? पाय कोणाला मिळाले? ज्यांच्याकडे रेडा नव्हता त्यांनाच! तो पाय म्हणजे आपल्या गरिबीचं प्रमाणपत्र, आणि तू लाजून तेच लपवलंस. त्वात यांना सांगितलं तर ते पोट धरून हसले. म्हणाले, असा अडाणी शिकलेला माणूस अख्ख्या तालुक्यात दुसरा नसेल.

न्याईला मी तुझा निरोप सांगितला. ती म्हणाली, मला पुढे माणसांची हाडं मोजायची आहेत, सुरुवातच एक पाय कमी मोजून करू का? मामाला सांग, मी परीक्षेला बसले नाही तरी चालेल, पण आजोबांचा पाय खोडणार नाही. बोलली आणि आत जाऊन रडली. बाहेर येताना डोळे कोरडे होते, पण मी तिची आई आहे.

त्वात यांनी वाट सांगितली आहे. तू तुझ्या शाळेच्या सभेत चूक कबूल करायची, शाळेने तुझं पत्रक दुरुस्त करायचं आणि त्याची नक्कल इथे पाठवायची. दुसरा मार्ग नाही. तुझी खुर्ची जाईल, मला कळतं. पण खुर्ची पुढच्या वर्षीही येईल. न्याईची परीक्षा हुकली तर ती विटांच्या भट्टीवर जाईल.

रागावले आहे, तरी शेंगदाणे पाठवलेत.

ताई


हायफाँग
१५ एप्रिल १९८१

ति. ताईस,
सा. न. वि. वि.

हे पत्र अंगणात वाचू नकोस.

दर शनिवारी मी मुलांकडून आत्मपरीक्षणाचे कागद लिहून घेतो. उशिरा आलेला, कॉपी केलेला, फळा न पुसलेला, सगळ्यांना एकच साचा. आधी चूक सांगायची, मग तिचं वैचारिक मूळ, मग वचन. या खेपेला मी स्वतः लिहायला बसलो. चूक एका ओळीत झाली. वैचारिक मुळापाशी येऊन तीन दिवस अडकलो. शेवटी लिहिलं की मूळ काही नाही, मला नुसती भीती वाटली होती. मुलं हेच लिहितात तेव्हा मी कागद परत करतो.

सभेत तेच वाचून दाखवलं. भूगोलाच्या बाई खिडकीबाहेर बघत होत्या, गणिताचे गुरुजी नखं. मग ठराव झाला: मला ताकीद, उपमुख्याध्यापकपद यंदा नाही, पत्रक दुरुस्त. नक्कल सोबत आहे. न्याईच्या हातात दे आणि सांग की मामाने हाडं पुन्हा मोजली.

संध्याकाळी मुख्याध्यापक घरी आले. मला वाटलं बक्षिसाचं प्रशस्तिपत्र परत मागायला आले. बराच वेळ डुकराची चौकशी करत राहिले. मग हळूच म्हणाले, थुअन, पाय परत लिहायला तुला काय शब्द सापडले ते दाखव, माझ्या पत्रकात एक काका कमी आहे. मी कागद दिला. दुसऱ्या दिवशी गणिताचे गुरुजीही तोच कागद मागायला आले. त्यांचं काय कमी आहे ते मी विचारलं नाही.

चित्र अजून भिंतीवर आहे. फक्त मुलांनी त्या मोकळ्या दोरीच्या टोकाला एक पाय काढून जोडला आहे. मागचा की पुढचा ते कळत नाही.

बाबा जेवतात का? मला एवढंच कळव. बाकी मी त्यांच्या पायावर डोकं ठेवायला येणारच आहे.

थुअन


दोंग मो
२८ एप्रिल १९८१

थुअन,

बाबांचा आशीर्वाद. हे मी माझ्या हाताने लिहितोय. ताई शेतावर आहे. अक्षर मोठं आहे, समजून घे.

शिक्का मिळाला. मीच गेलो होतो. त्वातने मला खुर्ची दिली. न्याई परीक्षेला बसणार. मी जेवतो.

तू पाय खाल्लास असं मी बोलून गेलो. लोकांना वाटलं मला राग आलाय. राग थोडा होता, भीती जास्त होती. त्वातने जुनी दप्तरं उघडली असती तर माझंच निघालं असतं.

तो पाय आपल्याकडे तीनच वर्षं होता. अठ्ठावन्न साली तुला प्रांताच्या शाळेत घातलं. राहायचं तिथे, दोन वर्षांचे तांदूळ आधी द्या म्हणाले. माझ्याकडे तांदूळ नव्हते, पाय होता. त्याच रेड्यात वाटा असलेल्या शेजारच्या लामला तांदूळ घेऊन तो दिला. वाटपात मिळालेलं विकायचं नाही असा नियम होता, म्हणून दोघंही गप्प बसलो. ताईचं तेव्हा लग्न ठरत होतं, तिचं औताकडे लक्ष नव्हतं. पुढे सगळे रेडे सहकारी संस्थेत गेले. लाम त्याचा आणि आपला असे दोन पाय घेऊन आला. रेडा पुरा भरला, पाय कोणाचे ते कोणी विचारलं नाही. कागद माझ्याकडे राहिला.

मला अक्षर येत नव्हतं तेव्हा बाजाराच्या दारात साक्षरतेवाले फळ्यावरचं वाचायला लावायचे. वाचता आलं नाही की बाजूच्या चिखलाच्या दारातून आत जा. मी दोन महिने चिखलातून गेलो, मग शिकलो. तू चिखलातून जाऊ नयेस म्हणून पाय दिला. पुन्हा द्यायची वेळ आली तर पुन्हा देईन.

म्हणजे तू अर्जात ‘काही नाही’ असं लिहिलंस तेव्हा घरात खरंच काही नव्हतं. पाय तुझ्या शाळेत गेला होता. तू खाल्लास हे खरं, पण भरवला मी.

हे वाचून जाळ. यावर पाठ बसवू नकोस.

डुकराला जप. न्याई पास झाली तर तिचं कॉलेज सहा वर्षांचं आहे.

बाबा