रिकाम्या बाटलीचा रिपोर्ट

८ जानेवारी २०२६, गुरुवार

आबांची उपाशीपोटीची साखर ८८! मशीनवर दोनदा घेतली. दहा वर्षांत माझ्या सासऱ्यांची साखर शंभराच्या आत आली नव्हती. सकाळपासून ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगताहेत, "मनी साखर गयी."

सासूबाईंनी भरीत आणि कळण्याच्या भाकरी केल्या. जेवताना आबांनी जिलबी मागितली. आणि मी, पंधरा वर्षं लॅबमध्ये लोकांचं रक्त-लघवी तपासणारी बाई, बाजारातून आणून वाढली! एकच घ्या म्हटलं. तीन खाल्ल्या.

पायांवर थोडी सूज दिसते. थंडीत बसूनच असतात, त्यामुळे असेल.

११ जानेवारी

आबा सकाळी मोरीपाशी कोसळले. दरदरून घाम, बोलणं भलतंच. साखर ४६. साखरपाणी पाजलं, मग गूळ चघळायला दिला. वीस मिनिटांत उठून बसले आणि मलाच म्हणतात, तुझा चहा झाला का.

गोळी तीच, भाकरी तीच. मग साखर आपोआप उतरते कशी? हा प्रश्न मला गुरुवारीच पडायला हवा होता. पण आम्ही आनंदात होतो ना! उद्या त्यांचं क्रिएटिनिन लावते, किडनीचं काय ते कळेल.

१२ जानेवारी

क्रिएटिनिन ५.८. एकच्या आसपास हवं. माझंच चुकलं असेल म्हणून परत लावलं. ५.८.

१३ जानेवारी

आबा, जगदीश आणि मी शिंदखेड्याहून सकाळच्या गाडीने धुळ्याला. किडनीचे डॉक्टर वयाने लहान, बोलायला सौम्य. म्हणाले, किडनी थकली की साखरेच्या गोळीचा असर अंगात रेंगाळतो, शरीरातलं इन्सुलिनही लवकर संपत नाही. म्हणून साखर खाली येते. ती बरं झाल्याची खूण नाही. आबा नुसते टोपी काढून मांडीवर ठेवून बसले. मला ती जिलबी आठवत होती.

मग डॉक्टरांनी जुने कागद मागितले. जगदीशने पिशवीतून फाईल काढली. दिवसभर एसटीच्या डेपोत इंजिनांत हात घालणारा माझा नवरा, पण आबांची फाईल उघडायची तर आधी हात धुतो. मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधीचा, मार्च २०२३ चा रिपोर्ट त्याने ऐटीत पुढे केला. लघवीतलं प्रोटीन — नाही. खाली माझी सही. "हिनेच तपासलं होतं, डॉक्टर."

डॉक्टर बराच वेळ त्या कागदाकडे बघत होते. तीन वर्षांपूर्वी लघवी इतकी स्वच्छ, आणि आज हे? नुसत्या साखरेने एवढ्या लवकर होत नाही म्हणाले, दुसरा काही आजार असावा. पाठीतून सुई घालून किडनीचा तुकडा काढून बघावा लागेल. मग माझ्याकडे वळले.

"ताई, तुम्ही स्वतः तपासली होती ना?"

मी हो म्हटलं.

१४ जानेवारी

संक्रांत. शेजारणी हळदीकुंकवाला बोलवायला आल्या. डोकं दुखतंय सांगितलं.

१५ जानेवारी

लिहूनच टाकते. निदान या वहीशी तरी खरं बोलावं.

लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून आबा दारातून आत येताना खोकतात. सुनेला पदर सावरायला वेळ मिळावा म्हणून. मीही कधी त्यांच्यासमोर खुर्चीवर बसले नाही. आमच्यात भांडण नाही, गप्पाही नाहीत. आहे ती मर्यादा. आणि तिचा मला अभिमान होता!

त्या मार्चमध्ये आबा लॅबला आले. मी पांढऱ्या कोटावर ओढणी डोक्यावरून घेतली. रक्त दिलं त्यांनी, तोंड भिंतीकडे करून. मग मी लघवीची बाटली टेबलावर ठेवली. हातात देववेना. त्यांनी ती उचलली, बाथरूमच्या दारापर्यंत गेले, तिथे उभे राहिले आणि परत आले. बाटली रिकामीच टेबलावर ठेवली. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. सुनेच्या हातात आपली लघवी कशी द्यायची!

"राहू द्या आबा," मी म्हटलं. त्यांचा चेहरा असा काही मोकळा झाला की मलाही हायसं वाटलं. ऑपरेशन डोळ्याचं, त्यात लघवीचं काय एवढं — असं मनाशी म्हणत मी त्या रकान्यात 'नाही' लिहिलं आणि सही केली.

वनाभाऊ होते की लॅबमध्ये! माझ्याबरोबरच काम करतात, पुरुष माणूस. त्यांना नुसतं सांगायचं होतं. सुचलं नाही असं लिहिणार होते, पण सुचलं होतं. रिकामी बाटली त्यांना दाखवायची, सगळं समजावायचं, म्हणजे आबांची शोभा होईल असं वाटलं. आणि माझी.

पुढे तीन वर्षं घरीच मशीनवर बोट टोचायचं, तेही आदल्या दिवशी सांगून. त्या दिवशी आबा संध्याकाळची भाकरी सोडायचे. मला माहीत होतं. तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी तपासणी मी अख्ख्या तालुक्याची करते. त्यांची एकदाही केली नाही.

१७ जानेवारी

सुईची तारीख मंगळवार, २० जानेवारी. रक्तस्राव होऊ शकतो, वय जास्त आहे, असं सगळं छापलेल्या कागदावर जगदीशने सही केली. आबांनी सासूबाईंकरवी मला विचारलं, दुखेल का. मुंगी चावल्यासारखं, असा निरोप पाठवला.

किती खोटं बोलणार मी या माणसाशी?

१८ जानेवारी

जगदीशला सांगितलं. मागच्या अंगणात हाताचं ग्रीस घासून काढत होता. ऐकलं आणि घासतच राहिला, हात स्वच्छ झाले तरी. शेवटी एवढंच म्हणाला, "तो कागद मी दाखवला गं. ऐटीत दाखवला."

मग आत गेला आणि फाईल कपाटावर टाकून दिली. जेवायला माझ्या शेजारी बसला नाही. बरोबरच आहे त्याचं. भांडला असता तर बरं वाटलं असतं.

१९ जानेवारी

उघडताच दवाखान्यात फोन लावला. डॉक्टर येईपर्यंत तीनदा ठेवावासा वाटला. लघवी तपासलीच नव्हती, रिपोर्ट खोटा आहे, मी लिहिलाय — एका दमात बोलले. ते म्हणाले, "आज सांगितलंत हे बरं केलंत."

सुई तूर्त रद्द. डोळ्यांचा पडदा आणि सोनोग्राफी बघून ठरवू म्हणाले, पण आता त्यांनाही ही साखरेचीच किडनी वाटते. मी विचारलं, तेव्हा कळलं असतं तर? त्यांनी उगीच गोड बोलून वेळ मारून नेली नाही. म्हणाले, त्या वेळी देतात त्या गोळ्या आहेत, साखर आणि बीपी ताब्यात ठेवलं असतं तर काही वर्षं मिळाली असती. किती, ते मात्र कुणी सांगू शकत नाही.

फोन ठेवला आणि लॅबच्या मोरीत जाऊन रडले. नोकरीही जाईल कदाचित. लॅबच्या सरांना उद्या सांगणार आहे.

२० जानेवारी

सरांना सांगितलं. घरी जा म्हणाले. कायमचं की आजच्यापुरतं, ते विचारायचं धाडस झालं नाही.

२३ जानेवारी

डोळ्यांच्या पडद्यावर साखरेच्या जुन्या खुणा. सगळं साखरेचंच. डायलिसिससाठी हाताच्या शिरा जोडून घ्यायच्या आहेत, पुढच्या महिन्यात.

घरात मीठ मोजून. पापड, लोणचं बंद. केळंसुद्धा बंद! खान्देशात राहून केळं खायचं नाही, हे आबांना मुळीच पटत नाही. सासूबाई डबे लपवतात, आबा शोधतात, आणि दोघं एकमेकांवर डाफरतात. मला हसू आलं आणि लगेच स्वतःचीच लाज वाटली.

२९ जानेवारी

सरांनी परत बोलावलं. सह्या आता वनाभाऊ करतील, मी फक्त रक्त घ्यायचं. हेही जास्तच वाटतं मला.

साखरेचे म्हणून पाच जण आले होते. पाचही जणांना विचारलं, लघवी शेवटची कधी तपासली? एकाला आठवेना, चौघांनी कधीच नाही.

१ फेब्रुवारी

जगदीश आज नीट बोलला. डेपोतून येताना शेव आणली होती, माझ्यापुरती, कागदात बांधून. बाजूला बसला. म्हणाला, "तू ते 'नाही' लिहिलं नसतं तरी आबांनी लघवी दिली नसतीच. कुणालाच दिली नसती. तुला त्यांचा स्वभाव माहीत आहे."

आहे माहीत. दिवसभर तेच मनात घोळवते आहे. माझा गुन्हा पुसला जात नाही, पण आबांची किडनी काही माझ्या एका शब्दाने गेली नाही, एवढं तरी धरून बसता येतं. बऱ्याच दिवसांनी दोन घास नीट गेले.

आता आबांना सांगायचं राहिलं. शिरांच्या ऑपरेशनआधी सांगायलाच हवं.

४ फेब्रुवारी

सांगितलं. आज पहिल्यांदा त्यांच्यासमोर बसले, जमिनीवर. आबा रागावले नाहीत. भिंतीकडे बघत म्हणाले, "तुन्हा कागदना पहिले पंधरा दिन, मी जळगावले बहीणकडे लघवी तपासेल व्हती. तठे दोष निंघेल व्हता. डॉक्टरनी गोया दिन्यात. मंग तुन्हा कागद उना, 'नही' म्हनी. माले वाटनं, रक्तमाच समजी गयं व्हई. मी त्या गोया सोडी दिन्यात. मनी सून काय खोटं लिखी?"

सासूबाईंनी ट्रंकेतून पाकीट काढून दिलं. तीस गोळ्यांचं. चौदा घेतल्या आहेत.