कोटाच्या आतलं नाव

बोस्टनबाहेरची छावणी,
नोव्हेंबर १७७५

लाडक्या मेहिटेबलला,

मी ठणठणीत आहे, घोर लावून घेऊ नकोस. आपल्याला न विचारता कर लादणाऱ्या राजाचं कापड आपण टाकलं. गावोगावच्या तुम्हा बायकांनी घरी विणून शिवलेले कोट काल आम्हाला वाटण्यात आले. प्रत्येकाच्या आत शिवणारीचं नाव आहे. तुझं नाव निघालं माझ्या तंबूतल्या जेबेझच्या कोटात.

“अ‍ॅसा, तुझ्या मेहिटेबलची ऊब काही औरच,” असं तो दिवसभर ऐकवतोय. मी अदलाबदल मागितली, तर म्हणाला, “नशिबानं दिलंय, सोडतो होय?” इतका राग मला राजाचाही आला नव्हता.

बाळाचा खोकला गेला का?

माझ्या कोटात सेलम गावच्या कुणा प्रूडन्सचं नाव आहे. तोही चांगला उबदार आहे. आपलं सहज कळवलं.

तुझाच,
अ‍ॅसा