शेकाट्याचं पाणी

प्रिय बाबा,

तुम्ही गेलात त्याला चौदा महिने झाले. इतके दिवस पत्र लिहिलं नाही, कारण नवीन सांगण्यासारखं काही नव्हतं. आता आहे. तुमचं बोलणं पुस्तकात छापून आलंय, आणि ते चुकीचं आहे.

पुण्याहून शब्द गोळा करायला आलेले साहेब आठवतात? आपलं राज्य झालं, आता खेड्यांतले शब्दही जमवायला हवेत, असं ते आपल्या ओट्यावर बसून सांगत होते. त्यांच्या पुस्तकात आपल्या गावाला दोन ओळी मिळाल्यात. धामणगाव बढ्याकडे बगळा दिसला की तलावात पेरायची समजूत आहे, म्हणे.

समजूत! तुमची चाळीस वर्षं त्या एका शब्दात संपली.

पुस्तक माझ्या कचेरीतच आलं. हेडक्लार्कनी ते सगळ्यांना वाचून दाखवलं आणि मला विचारलं, "काय बाई, तुमच्याकडं बगळ्याले विचारून पेरतेत काय?" सगळे हसले. मी नकाशावर शाईची रेघ ओढत राहिले. रेघ सरळ आली. त्याचाच जास्त राग येतो.

खरं काय ते मला माहीत होतं, कारण मी मोजलंय. शेकाटी म्हणजे लांब, बारीक काडी. तसे तांबूस पाय असलेला, काळ्या पंखांचा तो पक्षी म्हणजे शेकाट्या. तलाव आटू लागला की तो काठाकाठानं वीतभर पाण्यात चालतो. तिथला तळ आठ-दहा दिवसांत उघडा पडतो आणि ओल टिकून राहते. तुम्ही ती जागा हेरून गाळपेर करायचात, काकडी, टरबूज लावायचात. आईला विचारायचात, "शेकाट्याचं पाणी कुठवर आलं वं?" डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षी मी सुट्टीत पट्टी घेऊन तलावात उतरले. तुम्ही दाखवलेल्या सातही ठिकाणी पाणी आठ ते नऊ इंच भरलं. मी चकित झाले. तुम्ही नाही. "बगयाचं काय," म्हणालात, "तो म्हशीवर बी बसते. त्याच्यावर कोण पेरते?"

मग साहेबांना बगळा का सांगितलंत?

का, ते मला ठाऊक आहे. त्या सकाळी मीच बजावलं होतं, की शिकलेल्या माणसापुढे नीट बोला, शेकाट्या-बिकाट्या काढू नका. जन्मभर तुम्ही बगया म्हणालात. त्या दिवशी जीभ वळवून 'बगळा' म्हणालात आणि बरोबर आलं का म्हणून माझ्याकडे पाहिलंत. मी मान हलवली.

पण बाबा, तुम्ही ऐकलंत कशाला? कुठं पेरायचं ते तुम्ही सरपंचालाही विचारलं नाहीत. एकोणीस वर्षांच्या पोरीपुढे एवढं नमायची काय गरज होती? एकदा तरी रागवायचं होतंत. मला ते सोपं गेलं असतं.

मी साहेबांना दुरुस्ती लिहून पाठवली, मापांसकट. उत्तर सभ्य आहे. सांगणाऱ्यानं स्वतः बगळाच म्हटल्याची नोंद आहे. ते हयात असल्यास पुन्हा विचारता येईल. नसल्यास सोबतच्या फॉर्मवर गाळपेर करणाऱ्या दुसऱ्या कुणाची सही लागेल. मोजणारीची चालत नाही.

गावात आता कुणी गाळपेर करत नाही. तुमच्यामागं आईनंही सोडली. रविवारी तिला साहेबांचं पत्र वाचून दाखवलं. ती एवढंच म्हणाली, "त्याईनं बगया काऊन सांगतला असन?" मी उत्तर दिलं नाही. अजून दिलेलं नाही.

ते आधी देईन. मग पौषात रजा काढून तिच्यासोबत तलावात उतरेन. तिनं दाखवावं, मी पेरावं. बी कसं टोचतात हेही मला येत नाही. पाणी मोजायला शिकले, एवढंच. वेल धरला की फॉर्म भरेन. कचेरीत माझ्या बापाचा धंदा मी 'शेती' असा सांगितलाय. फॉर्मवर माझ्या नावापुढे 'गाळपेर' लिहीन आणि तो टपालात टाकण्याआधी हेडक्लार्कच्या टेबलावर ठेवीन. त्यांना मोठ्यानं वाचू दे.

तुमची,
सुमन