एकशे वीस खुर्च्यांचा ठराव

करांगवुनी, मंगळवार

आदरणीय कुंचोरोदादा यांस, धाकटी मामेबहीण वारसिनी हिचा सलाम. ईदेला तुमच्या गुडघ्यांवर डोकं टेकवून वर्षभराच्या चुकांची क्षमा मागायची राहिली (चाकाच्या खुर्चीतून तेवढं वाकता येत नाही, आणि चुकाही फारशा आठवत नाहीत), तर ती या पत्रानेच पोचली असं समजावं. वहिनींची कंबर कशी आहे? लाल आलं उगाळून लावायला सांगा. आमच्याकडे आई ठीक, कोंबड्या ठीक, मीही ठीक.

गेल्या गुरुवारी ग्रामविकासाची वार्षिक सभा झाली. यंदा वरून हुकूम होता की अपंगांनाही सभेला बोलवा, त्यांचं म्हणणं आराखड्यात घ्या. गावातल्या सत्तावीस अपंगांपैकी सभागृहाच्या तीन पायऱ्या चढून कोणी जाऊ शकत नव्हतं किंवा जाणार नव्हतं. मला मात्र जायचंच होतं, कारण मागणी एकच होती: त्या पायऱ्यांशेजारी एक उतार. मी दोन आठवडे खपून भाषण लिहिलं. कायदे, आंतरराष्ट्रीय करार, तीन देशांची उदाहरणं, सगळं मिळून चाळीस मिनिटांचं. (आई म्हणाली, "उतार मागतेयस की स्वातंत्र्य?" मी म्हटलं, एकच आहे.)

चार तगड्या माणसांनी मला खुर्चीसकट उचलून वर नेलं. वाटेत "जपून, जपून" असं मी नव्हे, मला ही खुर्ची देणाऱ्या संस्थेचा माणूस म्हणत होता. दारात कागदावर सही घेतली आणि खाऊचा डबा दिला. आत गेले आणि सगळ्यांच्या माना एकदम वर झाल्या.

कारण सभा नेहमीसारखी चटईवर होती. गावप्रमुख हार्जोनो चटईवर, मशिदीचे एक्याऐंशी वर्षांचे धर्मगुरू कियाई चटईवर, आणि मी त्या सर्वांच्या डोक्यांच्या वर. आपल्याकडे थोरांसमोरून जाताना माणूस कंबरेत वाकून जातो, हे तुम्हाला सांगायला नको. इथे तर मी कियाईंच्या टोपीकडे वरून बघत होते. सचिव एंदांगबाईंनी कानाशी येऊन विचारलं, "ताई, जरा खाली बसता येईल का?" मी म्हटलं, बाई, मला खाली ठेवलंत तर मी ठेवल्या जागी राहीन, मी काही फुलदाणी नाही. त्या म्हणाल्या, मग निदान वाकून? म्हटलं, चाळीस मिनिटं जमिनीला भाषण ऐकवू?

शेवटी कियाईंसाठी खुर्ची आणली. ती माझ्यापेक्षा चार बोटं ठेंगणी निघाली, म्हणून तिच्याखाली दुसरी घातली. कियाई उंच झाले, मग गावप्रमुख खाली कसे राहतील? त्यांना खुर्ची. मग ग्रामविकास समितीचे सात सदस्य, मग त्यांच्याहून वयाने मोठे असलेले तेरा जण. मंडपवाल्याकडून गाडीभर खुर्च्या मागवल्या. दुपारच्या नमाजाची वेळ झाली तेव्हा कुठे सगळं गाव आपापल्या योग्य उंचीवर बसलं. माझ्या वाट्याला सात मिनिटं आली.

सातच मिनिटं, पण दादा, मी बोलले. माणसाला उचलून आत आणणं म्हणजे सामावून घेणं नव्हे, म्हटलं. ज्या दारातून मी माझ्या वेळेला, माझ्या हाताने, कोणाचे उपकार न घेता आत येईन आणि रागावले तर तशीच बाहेर जाईन, ते दार माझं. टाळ्या बराच वेळ वाजल्या. कियाईंनी डोळे पुसले.

मग एंदांगबाईंनी अपंगकल्याणाच्या सदराखाली ठराव वाचला: आज सर्वांनी प्रत्यक्ष अनुभवलेली गरज लक्षात घेता, सभागृहासाठी एकशे वीस खुर्च्या. कोणी हरकत घेतली नाही. आपल्याकडे मतदान होत नाही, एकमत होतं. मी हरकत घ्यावी, तर माझी सही आधीच होती, खाऊच्या डब्याच्या कागदावर. तोच कागद ठरावाला संमती म्हणून जोडला गेला. (डब्यातला कोंबडीचं सारण भरलेला चिकट भात चांगला होता, हे नाकारत नाही.)

"उताराचं पुढच्या वर्षी बघू, ताई," गावप्रमुख म्हणाले.

"पुढच्या वर्षी ते सांगायला मी वर कशी येऊ?"

"त्यात काय, आपली चार पोरं आहेतच की."

वहिनींना सलाम, मुलांना प्रेम. उत्तराची घाई नाही.

तुमची बहीण,
वारसिनी

ता. क. उत्तराची घाई आहे. खुर्च्यांच्या खरेदीसाठी समिती नेमली असून तिची अध्यक्ष मी आहे. (खुर्चीचा अनुभव गावात सर्वांत जास्त मला, असं कारण नोंदवलंय.) तुमच्या जेपारातल्या पाच लाकडी सामानाच्या कारखान्यांकडून दर मागवले आहेत, त्यात तुमच्या कारखान्याचाही यावा. नातं मी सभेत सांगितलंय, तेव्हा दर सरळच असू द्या.

दुसरा ता. क. पाचही जणांना एकच यादी पाठवली आहे. तीत एकशे एकोणीस खुर्च्या नेहमीच्या आहेत. एकशे विसावी अठरा फूट लांब, साडेतीन फूट रुंद, बिनपाठीची. एका टोकाला उंची दीड फूट, दुसऱ्या टोकाला काहीच नाही. लाकूड घसरडं नको.

तिसरा ता. क. हे चोरून चाललंय असं समजू नका. चित्र गावप्रमुखांना दाखवलं. त्यांनी ते उलटसुलट करून बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "यावर एका वेळी किती जण बसणार?" मी म्हटलं, एकच, आणि तीही थांबणार नाही. त्यांनी सही केली.